बारा आण्याचा मसाला

प्रवाळ पाळणाऱ्या माणसाला तुम्ही कुठलीही तक्रार सांगा. कोरल मिटून बसलंय, रंग उडालाय, वाढ थांबलीय, काचेवर शेवाळ येतंय... पहिला प्रश्न ठरलेला. "लाइट कुठला आहे?" तुम्ही नाव सांगितलंत की समोरचा क्षणभर थांबतो आणि आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तशा सुरात म्हणतो, "हं... तो जुना झाला आता."

गेली कित्येक वर्षं हे ऐकतेय. आता अगदी कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

माझं म्हणणं असं, की घरच्या प्रवाळाच्या टाकीवरचे बहुतेक लाइट अपग्रेड प्रवाळासाठी केलेलेच नसतात. ते टाकीच्या मालकासाठी असतात. त्याला माझी हरकत नाही. घर तुमचं, पैसा तुमचा, हौस तुमची. पण मग सरळ तसं म्हणा ना! त्या मुक्या जिवाच्या नावावर बिल कशाला फाडता?

ज्यांना हा प्रकार काय आहे तेच माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आमच्या बहुतेक नातेवाइकांसाठी, आमच्या आत्याच्या लेखी प्रवाळ म्हणजे मंगळाच्या अंगठीतलं पोवळं, नाहीतर वैद्यांच्या पुडीतली प्रवाळपिष्टी) थोडक्यात सांगते. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींमध्ये एक सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला झूझँथेली म्हणतात. हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. भाडेकरूने भाड्याऐवजी रोज दोन वेळचा स्वयंपाक करून द्यावा, तसं. म्हणून टाकीवर चांगला दिवा लागतो, घरातला साधा बल्ब पुरत नाही. इथपर्यंत सगळं खरं आहे आणि इथपर्यंत माझं कुणाशीच भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते 'चांगला'पासून 'आणखी'पर्यंतच्या प्रवासात.

हा प्रकाश वॅटमध्ये मोजत नाहीत. शैवालाच्या उपयोगाचे प्रकाशकण दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतात ते मोजतात. त्याला पीएआर म्हणतात आणि आकडा मायक्रोमोलमध्ये सांगतात. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर, भर दुपारी, आकाश निरभ्र असताना हा आकडा २००० च्या आसपास जातो. हा २००० विक्रेत्यांना अगदी पाढ्यासारखा पाठ असतो. "बघा, निसर्गात दोन हजार आणि तुमच्या टाकीत जेमतेम दोनशे!" ऐकणाऱ्याला लगेच अपराधी वाटायला लागतं. आपण आपल्या प्रवाळाला उपाशी मारतोय की काय!

पण हे दोन हजार पाण्याच्या वरचे. खाली उतरावं तसे ते झपाट्याने कमी होतात. सकाळ-संध्याकाळ कमी, ढग आले की कमी, पाणी गढूळ झालं की आणखी कमी. आणि प्रवाळातलं शैवाल तरी एवढा प्रकाश कुठे वापरतं? उथळ पाण्यातल्या बऱ्याच प्रवाळांचं प्रकाशसंश्लेषण २०० ते ४०० मायक्रोमोलच्या दरम्यान कुठेतरी सपाट व्हायला लागतं. त्यापुढे दिवा वाढवला तरी अन्न त्या प्रमाणात वाढत नाही. लग्नाच्या पंगतीत पोट भरलेल्या पाहुण्याच्या पानात आग्रह करकरून आणखी चार जिलब्या वाढल्या, म्हणून तो चौपट पुष्ट होत नाही. फार तर रात्री त्रास होतो.

इथे त्रास म्हणजे काय ते जरा नीट सांगायला हवं, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. शैवालाला वापरता येत नाही एवढा प्रकाश आत आला, की त्या जादा ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. ती शैवालालाही पोळतात आणि प्रवाळालाही. मग प्रवाळ त्या भाडेकरूला घराबाहेर काढतं. रंग बराचसा त्या शैवालाचाच असतो, त्यामुळे मागे उरतं पांढरंफटक अंग. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात पाणी तापलं की जे होतं तेच, फक्त इथे ते आपण पैसे मोजून, हप्त्याने घडवून आणतो.

आता गंमत बघा. मंद प्रकाशात राहिलेलं शैवाल आपलं हरितद्रव्य वाढवून घेतं, म्हणजे कमीत भागवायला शिकतं. महिनोन्‌महिने असं शिकलेल्या प्रवाळावर एके दिवशी तुम्ही नवाकोरा दिवा लावता. पूर्ण क्षमतेने, कारण आठशे-नऊशे डॉलर मोजलेत तर ते दिसले पाहिजेत! आठवडाभरात कोरल फिकं पडतं. मालकाला वाटतं, वा, रंग उजळतोय. पुढच्या आठवड्यात ते पांढरं होतं. मग मालक परत विचारायला जातो, आणि त्याला सांगतात की याच्या शेजारी अजून एक युनिट लाव, सावल्या पडतायत.

नवीन दिवा निम्म्या ताकदीवर किंवा त्याहून खाली सुरू करायचा आणि कित्येक आठवडे हळूहळू वाढवत न्यायचा, हे कुणाला माहीत नाही असं नाही. दिव्यासोबत येणाऱ्या चिटोऱ्यावरही बऱ्याचदा लिहिलेलं असतं. पण निम्म्या ताकदीवरच कायम ठेवलं तर काय बिघडेल, हे कुठल्याच चिटोऱ्यावर लिहिलेलं मी पाहिलं नाही. कारण मग पुढचा प्रश्न असा येतो, की निम्म्या ताकदीचा, निम्म्या किमतीचाच दिवा का घेतला नाही?

मश्रूम, झोअँथिड, लेदर कोरल ही मऊ मंडळी ५० ते १५० मायक्रोमोलमध्ये आनंदात राहतात. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्याफांद्यांच्या दगडी प्रवाळाला २५० ते ३५० द्या, खूप झालं. हे ढोबळ आकडे आहेत, पण वर्षानुवर्षं लोकांच्या टाक्यांमध्ये टिकलेले आकडे आहेत. आणि मोजायचं यंत्र विकतच घ्यायला हवं असं नाही. इथे अमेरिकेत कितीतरी दुकानं आणि हौशी लोकांचे क्लब पीएआर मीटर भाड्याने देतात. एक दिवस आणायचा, टाकीत दहा ठिकाणी धरायचा, परत द्यायचा. एवढं करून मग खुशाल म्हणा की लाइट कमी पडतोय. पण मोजायच्या आधीच विकत घेणारे इतके आहेत की विचारू नका.

मग नवीन दिवे एवढे निळे का? निळा प्रकाश शैवालाला चालतो, चांगलाच चालतो, समुद्रात खोलवर तोच तर पोचतो. ते सगळं मान्य. पण हॉलमध्ये पोलिसांची गाडी उभी असल्यासारखा जो निळा उजेड लोक रात्री अकरापर्यंत पाडून ठेवतात, त्याचं कारण वेगळं आहे. बऱ्याच प्रवाळांत अशी प्रथिनं असतात, की ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश पडला की ती हिरवी, नारिंगी, लाल चमकतात. फोटो झकास येतो. पाहुणे "अय्या!" म्हणतात. मीही म्हणते, सुंदरच दिसतं ते. पण त्या "अय्या"चा प्रवाळाच्या तब्येतीशी काडीचाही संबंध नाही. तेच कोरल दुपारच्या साध्या पांढऱ्या उजेडात बघितलं तर कधीकधी ओळखूसुद्धा येत नाही.

१९६१ साली 'ट्रॉपिकल फिश हॉबीस्ट' या अमेरिकन मासिकात जाकार्ताच्या ली चिन एंग यांचा एक लेख आला होता. हे गृहस्थ आपल्या टाक्यांत प्रवाळ जगवत होते. सामग्री काय? समुद्रातून आणलेले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे, आणि ऊन. बस्स. त्यांना समुद्र जवळ होता, ऊन फुकट होतं, हे खरंच. शिकागोच्या जानेवारीत खिडकीतल्या उन्हावर कुणी प्रवाळ जगवू शकणार नाही, आणि तसं करा असं मी सांगतही नाहीये. पण ज्या छंदाची सुरुवात बुडबुड्यांवर झाली, त्यात आज 'हे घेतल्याशिवाय प्रवाळ जगतच नाही' असं कुणी सांगितलं तर निदान एक भुवई तरी वर जावी.

याच्या उलट टोकाला, दिव्यांवर अगदी पोटतिडकीने काम केलेला माणूस म्हणजे पेन स्टेट विद्यापीठाचे प्रोफेसर संजय जोशी. (आडनाव वाचून तुमची कॉलर ताठ झाली ना? माझीही झाली होती.) इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, घरी भलीमोठी प्रवाळाची टाकी. मेटल हॅलाइडच्या जमान्यात त्यांनी एकेक बल्ब, एकेक चोक घेऊन त्यांचे वर्णपट आणि पीएआर मोजून छापले. एकाच वॅटचे दोन बल्ब किती वेगवेगळा उजेड देतात ते लोकांना तेव्हा कुठे आकड्यांत दिसलं. दिव्याबद्दल बोलायचं तर असं, मोजून. मला दिव्यांचा राग नाही. न मोजता केलेल्या खरेदीचा आहे.

एका अपग्रेडच्या बाजूने मात्र मी स्वतः हात वर करीन. मेटल हॅलाइडवरून एलईडीवर येणं. २५० वॅटचे दोन हॅलाइड रोज दहा तास जाळले तर दिवसाला ५ युनिट, महिन्याला १५० युनिट. वर त्या उष्णतेने पाणी तापतं म्हणून ते थंड करायला चिलर, त्याची वीज वेगळी. बल्ब दर वर्षी बदलायचे, कारण उजेड उतरतो आणि रंगही सरकतो. टी-फाइव्ह नळ्यांचंही तेच, आणि त्यात पारा. युरोपीय संघाने तर ऑगस्ट २०२३ पासून अशा नळ्या नव्याने बाजारात आणायलाच बंदी घातली. तेव्हा ज्यांच्याकडे अजून जुने हॅलाइड आहेत त्यांनी जरूर बदलावेत. पण हा बदल वीजबिलासाठी आणि पाण्याच्या तापमानासाठी आहे. प्रवाळाला हॅलाइडखाली काही दुःख नव्हतं. हॅलाइडखाली वाढलेली दणदणीत कोरलं पाहिलेली माणसं अजून हयात आहेत.

आता हे सगळं आजच का, तर माझा पुण्यातला भाचा. महिन्याभरात तिकडे जायचंय, तर त्याचा निरोप आला. "मावशी, येताना एक लाइट आणशील का? इथे फार महाग पडतो." सोबत लिंक. पावणेनऊशे डॉलर. त्याची तीन फुटी टाकी आहे, पाणी साधारण १८० लिटर, दोन क्लाउनफिश, मऊ कोरलं. लेदर कोरल पंधरा दिवस मिटून आहे. दुकानदाराने सांगितलं, लाइट कमी पडतोय.

मी विचारलं, "बाष्पीभवनाने उडालेलं पाणी कधी भरतोस?"

"आठवड्यातून दोनदा. कधी चार दिवसांनी. बादलीने."

मेचा महिना. पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा. दिवसाला अडीच लिटर तरी उडत असणार. चार दिवसांत दहा लिटर. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणजे ३५ ची क्षारता चढत चढत ३७ वर जाते, आणि मग हे चिरंजीव एक बादली ओततात आणि पाच मिनिटांत ती परत ३५ वर. चार दिवस चढ, पाच मिनिटं उतार, परत चढ. तुम्हाला आठवड्यातून दोनदा कुणी असं केलं तर तुम्हीही मिटून बसाल.

"क्षारता कशावर मोजतोस?" तर प्लास्टिकच्या काट्याचा हायड्रोमीटर, ज्याच्या काट्याला बुडबुडा चिकटला की आकडा बदलतो. अल्कलिनिटी? "ते किट संपलंय." लाइट गेली तर? "इन्व्हर्टर आहे मावशी, पण तो पंखे आणि वायफायला." म्हणजे घरात वायफाय चालू, आणि टाकीतला पंप बंद. पाणी हललं नाही की काही तासांत त्यातला ऑक्सिजन उतरतो आणि आधी मासे जातात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप काही हजारांचा नसतो हो.

ही सगळी कंटाळवाणी उपकरणं आहेत. पाणी आपोआप भरणारा फ्लोट आणि छोटा पंप. नीट कॅलिब्रेट केलेला रिफ्रॅक्टोमीटर. हीटर चालूच राहून अडकला तर तो बंद करणारा दुसरा थर्मोस्टॅट (हीटर बिघडतात ते पुष्कळदा चालू अवस्थेतच, आणि मग टाकीचं सूप होतं). याचे फोटो कुणी काढत नाही. पाहुणा फ्लोट व्हॉल्व्हकडे बघून "अय्या" म्हणत नाही. म्हणून ती शेवटी घ्यायची राहतात आणि दिवा आधी येतो.

आणि दिवा आला की तो एकटा येत नाही. उजेड वाढला, दगडी कोरलं वेगाने वाढायला लागली, की ती सांगाडा बांधायला पाण्यातली अल्कलिनिटी आणि कॅल्शियम ओढतात. २.८ डीकेएच अल्कलिनिटी गेली की सोबत लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं, असा हिशेब आहे. मग ते रोज थेंबथेंब भरायला डोसिंग पंप. मग खाणं जास्त, घाण जास्त, म्हणून मोठा प्रोटीन स्किमर. तो एवढा कामसू की नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर. आता भरपूर उजेड, चढी अल्कलिनिटी आणि अन्नाला कण नाही, म्हणून अ‍ॅक्रोपोराची टोकं जळायला लागतात. त्यावर उपाय? नायट्रेटची आणि फॉस्फेटची बाटली! होय, विकतात. आधी काढायचं यंत्र घ्यायचं आणि मग घालायची बाटली घ्यायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते ऐकलं होतं, पण इथे मसाला काढून घ्यायलाही वेगळे बारा आणे लागतात.

माझ्या बहिणीचं, म्हणजे त्याच्या आईचं म्हणणं, "अगं, हौसेला मोल नसतं. आण की." ताई, मोल असतंच. फक्त या हौसेत ते देणारा आणि हौस करणारा हे दोघे वेगवेगळे असतात, म्हणून मोल नाही असं वाटतं. मिटून बसलेल्या लेदर कोरलला विचार.

आणि लाइट एवढा हवाच कशाला, हे खोदून विचारल्यावर खरं कारण बाहेर आलं. "मावशी, त्याच्याखाली अ‍ॅक्रोपोरा ठेवता येईल ना?"

तर बाळा, ऐक. भारतात सगळी दगडी प्रवाळं २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. २०२२ मध्ये कायदा बदलला, याद्या नव्याने मांडल्या, तरी ती तिथेच राहिली. दुकानात कुणी पडद्यामागून तुकडा काढून देत असेल तर तो मालवणचा आहे, मन्नारच्या आखाताचा की अंदमानचा, हे तो तुला सांगणार नाही. परदेशातून आणायचं म्हटलं तर दगडी प्रवाळांचा सगळा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्सच्या परवान्यांखाली येतो, खिशात घालून आणायची ती वस्तू नाही. तिकडे एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं, त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. जे समुद्रात उष्णतेने मरतंय ते हॉलमध्ये आणून पावणेनऊशे डॉलरच्या दिव्याखाली मारायची सोय मी माझ्या बॅगेतून करणार नाही.

इथे माझे अमेरिकन मित्र म्हणतील, आम्ही टाकीतच वाढवलेले तुकडे एकमेकांना देतो, समुद्राला हात लावत नाही. बरोबर आहे, आणि असंच करावं. पण त्या तुकड्यालाही आठवड्यातून दोनदा क्षारतेचा झोका बसला तर तो मरतोच, आणि मग दुसरा तुकडा लागतो. तो मात्र दर वेळी मित्राच्या टाकीतूनच येतो असं नाही.

भाचा रुसलाय. बहीणही जरा गप्पच आहे. बॅगेत अल्कलिनिटीचं किट, पाणी भरायचा फ्लोट आणि बॅटरीचा एअर पंप एवढं टाकलंय. सगळं मिळून त्या दिव्याच्या पाव किमतीतही बसलं. रिफ्रॅक्टोमीटर त्याने तिकडेच घेतला. मी त्याला सांगितलंय, लाइटचं नाव परत काढायचं असेल तर आधी महिनाभर रोज रात्री क्षारता मोजायची, वहीत लिहायची आणि मला पाठवायची.

पहिल्या सहा दिवसांचे आकडे आलेत. ३५, ३५.५, ३६, ३६.५, ३७. आणि सहाव्या दिवशी ३५.